दिशाचं दुखणं

मुलुंडच्या त्या घरात एक गोष्ट बाहेर बोलायची नाही, असा दंडकच होता. थोरल्या दिशाला शाळेत असल्यापासून फिट येत. गोळ्यांनी दुखणं पुष्कळ आटोक्यात होतं, पण विमलाताईंनी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच काय, सख्ख्या नणंदेलाही कळू दिलं नव्हतं. "मिरगी म्हटलं की मुलीच्या दारात कोण उभं राहील?" असं त्या म्हणत. गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवत आणि दिशाला बजावत, "कुणासमोर घ्यायची नाही हं."

दिशा अंधेरीला नोकरीला होती. दिवाळीनंतर ऑफिसातली काही मंडळी कोकणातल्या एका निर्मनुष्य बेटावर तंबू ठोकून राहायला गेली. हौसेनं तीही गेली. तंबूत तिच्यासोबत दोन मैत्रिणी होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावरच्या कड्यावरून चालताना ती एकाएकी ताठ झाली आणि खालच्या खडकांवर कोसळली. सगळ्यांना घेऊन आलेला ऑफिसातलाच सिद्धेश तिच्यामागं उतरला. लाटांतून तिला ओढून काढताना त्याचा हात मोडला. होडी किनाऱ्याला लागण्याआधीच दिशा गेली होती.

तिची सॅक घरी आली. बाटली जशी भरून दिली होती, तशीच होती. तंबूतल्या त्या दोघींसमोर तिनं एकही गोळी घेतली नव्हती. आईचं ऐकलं होतं.

तिच्या वडिलांनी, चंद्रप्रकाशांनी, तक्रार केली की सिद्धेशनं मुलीला धोक्याच्या वाटेनं नेलं. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, नोकरीही गेली. आता पोलीस विमलाताईंचा जबाब घ्यायला येणार होते.

"तू एवढंच सांग, मुलगी ठणठणीत होती," चंद्रप्रकाश म्हणाले. "आपल्या धाकट्या समीक्षाचं लग्न ठरलंय. घरात मिरगी आहे असं कळलं, तर वाट लागेल तिची."

त्यांची थोरली बहीण सगुणाआक्का मयतीपासून तिथंच होती. त्या बाटलीतल्या गोळ्या पाहून तिनं विमलाताईंना खोदून विचारलं, तेव्हा तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "चंदू, तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यो तू चारचौघांत घेतंस मा? मग तिनाच कित्याक लपवूच्यो? आजारान मारल्यान नाय रे तिका. तुमच्या लपवाछपवीन मारल्यान. आता त्या सिद्धेशाक, लोकांच्या झिलाकय मारतलास?"

चंद्रप्रकाश उठून खिडकीशी गेले. धाकटी समीक्षा मात्र आईजवळ येऊन बसली. "आई, ताईला गप्प बसवलंत. माझ्या लग्नासाठी आता तूही गप्प बसणार? मला नको असलं लग्न."

पोलीस आले. हवालदारानं विचारलं, "मुलीला काही आजार?"

विमलाताईंनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. "होता," त्या म्हणाल्या. "तिला फिट यायच्या. आम्ही लपवलं. लपवायला तिला मीच शिकवलं!" आणि पोरगी गेल्यापासून कोरड्या राहिलेल्या त्या बाईनं हंबरडा फोडला.

पुढं व्हायचं ते झालंच. समीक्षाचं लग्न मोडलं. सोसायटीतल्या बायका कुजबुजू लागल्या. चंद्रप्रकाश कित्येक दिवस बायकोशी बोलले नाहीत. सिद्धेशवरचा गुन्हा मात्र मागं घेतला गेला.

विमलाताई त्याच्या घाटकोपरच्या घरी गेल्या. हात प्लास्टरमध्ये घेऊन तो समोर बसला. माफीसाठी त्यांनी त्याच्यापुढं हात जोडले.

"काकू, निघायच्या आधी मी सगळ्यांना विचारलं होतं, कुणाला काही त्रास आहे का म्हणून," तो म्हणाला. "ती हसून नाही म्हणाली."

"सांगितलं असतं, तर तू तिला नेलंच नसतंस ना रे?"

"नेलं असतं, काकू. फक्त कड्यावर जाऊ दिलं नसतं. आणि रोज विचारलं असतं, दिशा, गोळी घेतलीस का?"

वाचकहो, फिट येणं हे ताप-खोकल्यासारखंच एक दुखणं आहे, औषधानं बहुतेकांचं आटोक्यात राहणारं. त्यात लाज कसली? स्थळ हातचं जाईल म्हणून आपण पोरींची तोंडं बंद करतो आणि मदतीला येऊ शकणारे हात आपणच बांधून टाकतो. तुमच्या घरात अशी दिशा असेल, तर तिच्या मैत्रिणींना, सोबतच्या माणसांना आजच सांगा. लग्न मोडलं तर दुसरं जमेल. विमलाताईंची लेक परत येणार नाही.