बावन्न किलोचा कवडू

"दोन तास झाले बसून, अन् डबा काही बोलूनच नाही राहिला," माझी शेजारीण मनकर्णा माझ्या कानाशी कुरकुरली. "अगरबत्तीच्या धुरानं मले शिंका येऊन राहिल्या वं."

डबा म्हणजे कॉम्प्युटर. साल सत्त्याऐंशी, सक्करदऱ्याचं मैदान, सांघिक कुस्त्या. मंचावर त्या डब्याला झेंडूचा हार घातलेला, आणि लोक चपला काढून त्याच्या पाया पडत होते.

"माणूस खोटं बोलन, मशीन नाही बोलणार!" कामठीच्या संघाचे भैय्याजी माइकवर गरजले. "काशीले अभिषेक करून आणली. आतून मारुतिराया जोड्या लावते!"

अभिषेक होऊनही मशीन चालू राहिली, एवढाच चमत्कार मला दिसला.

कर्रकर्र करत कागद बाहेर आला. लोकांनी तो कपाळाला लावला. त्यात माझ्या लेकाची जोडी होती : गोविंदा, बावन्न किलो. कवडू, बावन्न किलो.

मी कामठीच्या कवडूकडे पाहिलं. वीस वर्षं मी टालीवर, लाकडाच्या वखारीत, जळाऊ लाकूड तोलते. हा गडी साठ किलोच्या खाली नव्हता. गेल्या साली याच मशीननं आमच्या संघातल्या धोंडबाची जोडी याच कवडूशी लावली. धोंडबाची मान मोडली, तो अजून खाटेवर आहे. भैय्याजी म्हणाले, देवाचा कोप. आम्ही सगळे गप्प बसलो. मीसुद्धा.

आज मात्र मी मंचावर चढले.

"वजनकाटा कुठं आहे?"

"झाकून ठेवला," भैय्याजी म्हणाले. " मशीनपुढं काटा म्हणजे देवावर संशय, कांताबाई! खाली उतरा वं."

मी टाइप करणाऱ्या सुमतीकडे वळले. ती कॉम्प्युटर क्लासातली मास्तरीण. "बाई, वजनं यात कोण घालते?"

"मी. तुमच्या पोरांची सकाळी काट्यावरून, कामठीची भैय्याजींच्या चिठ्ठीवरून."

"मशीन तोलत नाही?"

"ती काय तोलणार? सांगितलेलं मानते आणि जवळचे आकडे जुळवते."

"मग कवडूचं नाव खोड. लिही, भैय्याजी, बावन्न किलो."

सुमतीनं कवडूचं नाव खोडलं. मग तिची बोटं चालली. कर्रकर्र. तिनं मोठ्यानं वाचलं, "गोविंदा विरुद्ध भैय्याजी."

नव्वद किलोचे भैय्याजी धोतर सावरू लागले. मैदान हसून फुटलं. "लंगोट आणू काय गा, भैय्याजी?"

मला हसू आलं नाही.  "हसता काय?" मी ओरडले. "या डब्याले खोटं सांगितलं तर तो खोटंच परत देते. त्याच्या पाया काहून पडता? त्याले खरं सांगा! अन् खरं पाहिजे असन तर आधी काटा काढा!"

"धोंडबाले देवानंच..." भैय्याजी पुटपुटले.

 तेवढ्यात कवडूनंच काट्यावरचं पोतं ओढलं आणि तो वर चढला. काटा चौसष्टवर थांबला.

तो खाली पाहत म्हणाला, "मावशी, मागच्या सालीबी चिठ्ठीत बावन्नच होतं. मले माहीत होतं. धोंडबाची मान देवानं नाही मोडली. आम्ही मोडली."