पुढची बाजू नसलेला वर्ग

तिने गुडघ्यांवर बसून मोजायची टेप एका खुर्चीपासून दुसरीपर्यंत ताणली आणि तशीच धरून राहिली. अंतर सारखं होतं. पुढच्या दोन खुर्च्यांमधलंही सारखंच. मुलांच्या त्या बुटक्या रंगीत खुर्च्या तिने मुद्दाम हलक्या करून घेतल्या होत्या. त्या कशाही ओढाव्यात, उलट्या टाकाव्यात, एकमेकींवर चढवून किल्ला करावा, असा तिचा बेत होता. त्या आता दोरी लावून आखल्यासारख्या रांगांत उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं बसगाडीच्या मागच्या टोकाकडे.

"मी नाही हं लावल्या," टीचर म्हणाली. ती विशीतली मुलगी होती, या फिरत्या वर्गावर नुकतीच नेमलेली, आणि तिचा सूर चोरी पकडली गेल्यासारखा होता. "मुलंच लावतात. आल्याआल्या. मी सांगतसुद्धा नाही."

"कालच्या वस्तीवर?"

"तिथेही."

"आणि वीटभट्टीवर?"

टीचरने होकाराची मान हलवली. "तिन्ही ठिकाणची मुलं एकमेकांना कधी भेटलेलीसुद्धा नाहीत, मॅडम. मला आधी वाटलं, कुणीतरी शिकवलं असेल. पण शिकवणार कोण? यांतल्या निम्म्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. रांग म्हणजे यांना फक्त पाण्याच्या नळावरची माहीत."

उद्या गाडीला पैसे देणाऱ्या मंडळाची माणसं ती बघायला येणार होती. त्यांना ती पसंत पडली तर अशा आणखी पाच निघणार होत्या. नाही पडली, तर ही एकटी कुठल्यातरी आवारात गंजत पडणार. आणि मंडळाला तिने छातीठोकपणे सांगितलं होतं ते एवढंच, की या वर्गाला पुढची बाजू नाही. चारही भिंती फळ्याच्या. टेबल नाही, शिक्षकाची खुर्ची नाही, मूल जिथे बसेल तिथे वर्ग सुरू. आता एवढी मोठी माणसं येऊन बघणार काय, तर हाताची घडी, तोंडावर बोट! केलेल्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडायला तेवढं पुरे होतं.

"गाद्या कुठे गेल्या?" तिने विचारलं.

टीचरने बोट दाखवलं. मागच्या टोकाला, चाकांच्या वर, गाडीची जमीन एका पायरीएवढी उंच होती. जुन्या बसचा सांगाडाच तसा होता. तो उंचवटा काढायचा तर चाकंच काढावी लागली असती. अख्ख्या गाडीत तिच्या मनाविरुद्ध राहिलेली ती एकच गोष्ट. म्हणून तिने त्यावर जाड, फुलाफुलांच्या गाद्या टाकल्या होत्या. मुलांनी त्यांवर लोळावं, लोळत वाचावं. गाद्या आता बाजूला, कडेला कड जुळवून रचलेल्या होत्या. उंचवटा मोकळा होता आणि झाडून लख्ख केलेला होता.

"त्यावर एकही मूल चढत नाही," टीचर आवाज खाली आणून म्हणाली. "मी एकदा चढले, तर सगळी माझ्याकडे अशी बघायला लागली, की मीच उतरले."

बाहेर ड्रायव्हरकाका टायर ठोकून बघत होते. मधली सुट्टी होती, मुलं समोरच्या वाळूच्या ढिगावर होती. आरडाओरडा इतका, की हीच ती मुलं यावर विश्वास बसू नये.

"काका, उद्या सकाळी मागच्या उंचवट्यावर कपाट ठोकायचं. पुस्तकांचं. अगदी छतापर्यंत. ड्रिल आहे ना?"

"आहे की. ठोकू." काकांनी टायर ठोकायचं थांबवलं. "मॅडम, एक विचारू? मागे काही वजन ठेवलंयत का तुम्ही?"

"नाही. का?"

"रिकामी गाडी हाताला कळते हो. आयुष्य गेलं चालवण्यात. एका वस्तीवरून दुसरीकडे नेताना ही रिकामी नसते. मागे कुणीतरी उभं असतं. बसलेलं नाही, उभं. हल्ली वळणावर मी आपोआप सावकाश घेतो, उगाच कुणाचा तोल जायला नको." मग ते स्वतःच हसले. "बायको म्हणते, चष्म्याचा नंबर वाढलाय. आता हाताला कुठे चष्मा लागतो?"

तीही हसली. पण केबिनमध्ये बसायला म्हणून चढली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आतला आरसा काकांनी छताकडे फिरवून ठेवला होता.

ती उतरून बाहेरून गाडीच्या मागच्या कोपऱ्यातल्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली; तिथून उंचवटाही दिसत होता आणि खुर्च्यांची तोंडंही. सुट्टी संपली. वाळूने माखलेली मुलं ओरडत गाडीत शिरली आणि बटण दाबावं तशी गप्प झाली. खुर्च्यांवर बसली. मांडीवर पाट्या घेऊन चित्रं काढू लागली. टीचर एका बाजूला खिडकीशी उभी होती, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. हे मात्र पाहणाऱ्याला जाणवल्याशिवाय राहिलं नसतं, की मुलांचे चेहरे घाबरलेले नव्हते. ती रंगून गेली होती.

मग सगळ्या माना एकदम वर झाल्या. नजरा डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत गेल्या, थांबल्या, पुन्हा डावीकडे आल्या. कुणीतरी येरझारा घालत शिकवत असावं तशा. समोर उंचवट्यावर कुणीही नव्हतं.

नजरेच्या रेषा धरून बघणं हा तिच्या कामाचाच भाग होता. खिडकी कुठे हवी, चित्र किती उंचीवर लावायचं, ते बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून रेष ओढूनच ठरतं. नको नको म्हणत तिने एका मुलाच्या डोळ्यांपासून रेष धरली. मग दुसऱ्याच्या. पहिल्या रांगेतल्या, शेवटच्या रांगेतल्या. सगळ्या रेषा एकाच ठिकाणी येऊन मिळत होत्या आणि ते ठिकाण चालत होतं. तिने मनातल्या मनात पायरीची उंची वजा केली. उरली ती बुटक्या बाईची उंची.

तेवढ्यात एक मुलगी उठली. तिच्या गळ्यात दोऱ्याला घराची चावी अडकवलेली असायची, म्हणून सगळे तिला चावीच म्हणत. तिने पाटी उलटी करून छातीशी धरली, चित्र आत, कुणाला दिसू नये अशी. तशीच उंचवट्यापाशी गेली आणि पाटी सुलटी करून वर धरली. बराच वेळ धरून राहिली. मान हलवली. परत येऊन पुन्हा काढायला बसली.

बाहेर, खिडकीच्या काचेवर टेकलेला तिचा हात खाली आला.

पाटी अशी छातीशी उलटी धरून आणायला एकाच वर्गात लावत असत. तिची आई प्राथमिक शाळेत शिकवायची. आजूबाजूची झाडून सगळी माणसं आईला बाई म्हणत, आणि शाळेत पोटच्या पोरीनेही बाईच म्हणायचं असा दंडक होता. पाटी दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही, आधी बाईंनी बघायची. बाई बघायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "पुन्हा." इतर मुलांना कधीकधी. हिला नेहमी. खरं सांगायचं तर ही गाडी म्हणजे तिने आईला उलटून दिलेलं लांबलचक उत्तर होतं. आईच्या वर्गात जे जे होतं, ते ते वेचून वेचून तिने यातून काढून टाकलं होतं.

मागच्या वर्षी आजारपणात आईने पडल्या पडल्या विचारलं होतं, "काय करत असतेस हल्ली एवढं? दाखव की."

"पूर्ण झालं की दाखवते," असं तिने सांगितलं होतं. नकाशांची गुंडाळी तेव्हा तिच्या पिशवीतच होती. तो एक शब्द पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती. गाडी रंगायच्या आधीच आई गेली.

वर्ग सुटल्यावर तिने चावीला गाठलं.

"तू पाटी कुणाला दाखवत होतीस गं?"

"बाईंना."

"कोण बाई?"

मोठ्या माणसांना एवढंही कळू नये, अशा नजरेने चावीने तिच्याकडे पाहिलं. "वर्गातल्या. टीचर नाही. बाई."

"काय म्हणतात त्या? पुन्हा काढ म्हणतात?"

"नाही." चावीला त्याचं नवल वाटलं. "बघतात. खूप वेळ बघतात. मग विचारतात, अजून काय दिसतंय तुला?"

तिला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण पोटातून जे वर आलं ते निराळंच होतं, आणि ते ओळखायला तिला वेळ लागला नाही. तो मत्सर होता. कुठली कोण वस्तीवरची पोरं! त्यांना बसून, वेळ काढून विचारायचं, अजून काय दिसतंय? आणि जिने वर्षानुवर्षं पाटी छातीशी धरून आणली, तिला कधी एकदाही नाही?

"काका," ती मोठ्याने म्हणाली, गाडीत कुणाला ऐकू जायला हवं असल्यासारखी. "उद्या कपाट ठोकायचंच. विसरू नका."

सकाळी ती पोचायच्या आधीच मंडळाची माणसं हजर होती. अध्यक्ष, त्यांच्याबरोबर एक इंजिनियर आणि फोनवर बोलणारे आणखी दोघं. काका कपाटाला टेकून उभे होते. ड्रिल अजून पेटीतच होतं. आता काय दिसायचं ते दिसो, म्हणून तिने सगळ्यांना आत चला म्हटलं. गाडीचं दार तिने मुलांच्या मापाचं, बुटकं ठेवलं होतं. आत जाणाऱ्या मोठ्या माणसाला वाकावं लागेल, ही तिची आवडती खोड. अध्यक्ष वाकले, पण पुरेसे वाकले नाहीत, आणि कपाळ चोळतच वर्गात शिरले.

आत धुमाकूळ होता. खुर्च्यांचं जहाज झालं होतं. तीन मुलं भिंतीवर लाटा काढत होती, एक खिडकीखाली मासा होऊन पडला होता. उंचवट्यावर गाद्या पसरलेल्या होत्या आणि त्यांवर मुलं एकमेकांच्या अंगावर लोळत पुस्तक बघत होती. टीचरने दुरूनच तिच्याकडे पाहून खांदे उडवले. तिलाही काही कळलेलं नव्हतं.

अध्यक्ष कपाळ विसरले. त्यांनी फोनवाल्यांना फोटो काढायला लावले आणि जहाजात बसूनही पाहिलं. "हेच हवं होतं आपल्याला," ते म्हणाले. मंडळींनी खाऊ आणला होता. तो घ्यायला मुलं हो हो करत बाहेर पळाली. तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्याच क्षणी तिला वाटलं, की कुणीतरी न सांगता निघून गेल्यावर घर होतं तशी ही गाडी झाली आहे.

चावी तेवढी मागे राहिली होती, चपला शोधत.

तिने खाली बसून हळूच विचारलं, "बाई कुठायत?"

"आज नाहीत."

"कपाट आणलं म्हणून?"

"छे. कपाट कसलं?" चावीने गादीखाली हात घालून एक चप्पल ओढली. "काल जाताना सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, उद्या माझ्या मुलीची गाडी बघायला माणसं येणारेत. मी समोर उभी असले की तुम्ही शहाण्यासारखी बसता. उद्या नका बसू. मी खाली उतरते."

"परत कधी येणार, सांगितलं का?"

"नाही."

बाहेर मुलांचा गलका चालला होता. मग तिने विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज चावीएवढाच झाला, "गाडीबद्दल काही बोलल्या?"

चावीने आठवून पाहिलं. "दार लहान झालंय म्हणाल्या. चढता उतरताना वाकावं लागतं, कंबर भरून येते."

"आणि?"

"आणि काही नाही. बघायच्या नुसत्या. आमची चित्रं बघून झाली की भिंती बघायच्या, खिडक्या बघायच्या. हात लावून लावून." दुसरी चप्पल सापडली तशी चावी बाहेर पळाली.

"अभिनंदन!" अध्यक्ष जवळ आले. "पाच गाड्या पक्क्या समजा. आणि एक चांगली बातमी. नव्या सांगाड्यांची जमीन सपाट असते. मागचा तो उंचवटा येणारच नाही. तुम्हाला खटकत होता ना?"

"उंचवटा ठेवायचा," ती म्हणाली.

इंजिनियरने मान वर केली. "मुद्दाम बांधायचा?"

"हो. पाचही गाड्यांत. एवढाच. वर काहीही ठोकायचं नाही." ती दारापाशी गेली. "आणि दार उंच करायचं. या गाडीचंही."

"उत्तम!" अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "चांगलं साडेसहा फूट करा, म्हणजे आमचीही डोकी वाचतील."

"नाही, तेवढं नको."

तिने दाराच्या वरच्या भिंतीवर हात टेकवला. एखाद्याच्या डोक्यावर ठेवावा तसा, आडवा. मग काहीतरी आठवून तो बोटभर खाली आणला. शेवटच्या वर्षात आई आणखी आखडली होती.

"इतकं," ती म्हणाली. "इतकं पुरे."

इंजिनियरने कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या तळहाताखाली बारीक रेघ मारली.

"झाली खूण, मॅडम," तो म्हणाला.

तिने हात काढला नाही.