शेवटची उभी ओळ

उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने काढलेल्या भट्टीच्या चित्रातला सगळ्यात तापलेला ठिपका शोधायला आमचं मेलं जुनं ग्राफिक्स कार्ड चित्र अर्धं-अर्धं करत जातं. चार शेजारी ठिपक्यांतला सगळ्यात उजळ ठेवायचा, बाकीचे टाकायचे, एकच उरेपर्यंत. सकाळपासून ते ‘ठीक’ दाखवत होतं, म्हणजे भट्टीची भिंत कुठेही फुटण्याइतकी तापलेली नव्हती.

अचानक माझ्या लक्षात आलं. काल बसवलेल्या नव्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी विषम होती. जोडी न मिळालेली शेवटची उभी ओळ माझाच प्रोग्राम मुकाट्याने टाकून देत होता.

मूळ चित्र उघडलं. उजवी कड पांढरीशुभ्र पेटली होती.

भट्टीवरच्या थोरल्या भावाला फोन लावला. “दादा, भट्टीच्या उजवीकडे कोणी आहे का?”

“मीच आहे की! तुझं मशीन ठीक म्हणालं, म्हणून इथेच जेवणाचा डबा उघडलाय.”