संध्याकाळी मोकळी

दर रविवारी चर्च सुटलं की सेमीसी मामा अंगणात टेबल मांडून बसायचा आणि ऑस्ट्रेलियातल्या लोगन शहरातल्या निम्म्या टोंगन लोकांचे सरकारी फॉर्म भरून द्यायचा. फी म्हणून नारळाच्या दुधात शिजवलेलं ताटभर मटण. त्याचा नियम एकच. सरकार 'हवंय का?' असं विचारतं तिथे 'हो'वर खूण करायची. समोरचा देतोय म्हटल्यावर नाही म्हणणं आपल्यात उद्धटपणाचं.

गेल्या वर्षी त्याची भाची लुपे कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला लागली तेव्हाही मामाने डोळे मिटून खूण केली. करमुक्त रकमेची सवलत हवी का? हो. दिवसाच्या नोकरीच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर हीच खूण आधीपासून होती. ही सवलत एकाच नोकरीवर घ्यायची असते, दुसरीवर पहिल्या डॉलरपासून कर कापू द्यायचा असतो, हे मामाला ठाऊक नव्हतं आणि लुपेने विचारलं नाही. कारखान्याचा पगार जवळजवळ अख्खा हातात येत होता. तिला वाटलं, देव पावला.

यंदा जुलैत, तिथलं करवर्ष संपल्यावर, कराचं काम करणाऱ्या बाईने हिशेब सांगितला.

"पाच हजार चारशे डॉलर भरायचेत."

"अहो, मला परत मिळणार होते ना?"

"दोन्हीकडे हो म्हटलंस ना बाई! हप्ते बांधून मिळतात, रडू नकोस."

लुपे मामाकडे गेली. "मामा, कशाला केलीस खूण?"

"अगं, देत होते ना ते! मी नाही म्हणू?" मामाने वाईट वाटून तिला दोन मोठी सुरणं दिली. सुरणं घेऊन कर कार्यालयात थोडंच जाता येतं?

आता हप्त्यांमुळे कारखाना सोडायची सोय नव्हती. त्यात वृद्धाश्रमात सुपरवायझरची जागा निघाली. त्या पगारात हप्ते भागले असते आणि कारखाना सुटला असता. लुपेला ती जागा हवीच होती.

वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर ती बायोडेटा लिहायला बसली. 'कारखान्यात बारा जणींच्या लाइनची प्रमुख,' असं तिने लिहिलं. कामाला लागून तीन महिने होतात तोच तिला प्रमुख केलं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. पण दमलेल्या हातांनी म्हाताऱ्या माणसांना उचलू नये म्हणून वृद्धाश्रमात दुसरी नोकरी चालत नसे. 'दुसरी नोकरी नाही' अशा कागदावर तिने सही केलेली होती. खोटं उघडं पडलं तर पहिलीच नोकरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. ती ओळ तिने पुसली.

मुलाखत वृद्धाश्रमाच्या मॅनेजर ग्लेनिसबाईंनी घेतली. बाई मनाने चांगली, हेच तर वाईट.

"लुपे, आजी-आजोबांची तू लाडकी आहेस. पण चार माणसांकडून काम करून घेतलंयस कधी?"

लुपेच्या जिभेवर बारा नावं आली. तिने ती गिळली.

"कुठेही चालेल गं. चर्चमध्ये? एखाद्या दुकानात?"

"नाही."

"मग या वेळी जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल." ग्लेनिसने तिच्या हातावर हात ठेवला. "पण तुला मी सोडणार नाही. सुपरवायझरचा कोर्स आहे, वर्षभराचा, चार ते आठ. खर्च आपण करू. तीनला सुटतेस, संध्याकाळी मोकळीच असतेस ना? तुझं नाव घालू?"

नाही म्हणायचं होतं. म्हणायलाच हवं होतं. पण बाई देत होती.

"हो," लुपे म्हणाली. "उपकार झाले तुमचे."

चार वाजता तिने कारखान्यात पांढरी टोपी चढवली. बारा जणी हातमोजे घालून आपापल्या जागी उभ्या होत्या, तिच्याकडे बघत. तिने सांगितल्याशिवाय त्यांच्यातली एकही सरकता पट्टा चालू करत नसे.