बिनबाह्यांचा रविवार

लहानपणी केसांना कंगवा लावू द्यायची नाही, म्हणून घरात तिला झिपरी म्हणायचे. शिकायला परदेशात गेली तरी फोनवर ती झिपरीच राहिली. पुलांच्या काँक्रीटमध्ये खारं पाणी मुरून आतली सळई कशी गंजते, यावर तिचं संशोधन चाललं होतं.

शाळेत असताना तिच्या कोपरावर एक पांढरा डाग उमटला. मग दुसरा, मग दोन्ही हातांवर आणि गळ्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, कोड आहे, त्रास काही नाही, कुणाला लागतही नाही. घरच्यांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे गेले. तेव्हापासून कितीही उकडलं तरी झिपरीच्या बाह्या मनगटापर्यंत.

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, तशी आत्याने फोन करून तिला बोलावून घेतलं. आत्या त्याच देशात, समुद्रकाठच्या एका शहरात वर्षानुवर्षं राहत होती. "हॉटेलबिटेल काही नको, घर आपलंच आहे," म्हणाली. झिपरी हरखली. तिने बॅगेत एक बिनबाह्यांचा निळा टॉप टाकला. सेलमध्ये घेतलेला तो टॉप तिने खोलीबाहेर कधी घातला नव्हता.

शनिवारी आत्याने आणि काकांनी तिला शहर दाखवलं, पण गाडीतून. हे बंदर, हा धक्का, ही जुनी पेठ, असं आत्या पुढच्या सीटवरून बोटाने दाखवत होती. झिपरीने उतरूया म्हटलं की कधी ऊन फार असायचं, कधी पार्किंग मिळायचं नाही. दुकानाच्या काचेआडच्या मिठाईसारखं सगळं शहर तिच्या डोळ्यांपुढून निघून गेलं. समुद्राचा वाससुद्धा आला नाही, कारण काचा वर होत्या.

संध्याकाळी आत्या एक इस्त्री केलेला कुर्ता घेऊन तिच्या खोलीत आली. बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा. आतेबहिणीने स्वतःच एक मुलगा पसंत केला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याचे आईवडील जेवायला यायचे होते. माणसं चांगली आहेत, आत्या म्हणाली, पण लोकांचं तुला माहीतच आहे. कुर्त्याने गळा झाकला गेला नाही तर डोकं दुखतंय म्हणून वरच थांब, मी ताट वर आणून देईन. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. ती दुष्टपणाने बोलत नव्हती, हे झिपरीला कळत होतं आणि त्यानेच ती जास्त चिडली.

"हिच्या लग्नाशी माझ्या हातांचा काय संबंध, आत्या?"

"रक्ताचा संबंध आहे, बाळा. लोक तेच बघतात."

झिपरी गप्प बसली. आत्याला तो होकार वाटला. ती कुर्ता खुर्चीवर टाकून निर्धास्त मनाने खाली गेली.

सकाळी झिपरीने निळा टॉप घातला. डागांना ऊन लवकर भाजतं, म्हणून हातांना, गळ्याला क्रीम चांगलं थापलं आणि जिना उतरली. काका अंगणात गाडी पुसत होते. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आत्याला काय सांगू, असं त्यांनी विचारलं.

"शहर बघायला गेले म्हणून सांगा. जेवायला येते."

बसमध्ये सुरुवातीला तिने हातांची घडी घातली, वर पिशवी धरली. समोरचं एक पोर तिच्याकडे बोट दाखवायला लागलं, त्याच्या आईने ते बोट खाली दाबलं. झिपरीला एकदम स्वतःचाच राग आला. तिने पिशवी खाली ठेवली आणि वरची दांडी धरून उभी राहिली. बघा काय बघायचं ते.

बंदराजवळ उतरून ती मनसोक्त भटकली. चढत्या गल्ल्यांमधून, दोऱ्यांवर वाळणाऱ्या कपड्यांखालून, दमछाक होईपर्यंत. धक्क्याच्या भिंतीवर तांबूस ओघळ दिसले तशी तिच्यातली इंजिनियर जागी झाली. ती वाकून भिंतीवर टकटक करून पाहू लागली. शेजारी होडीच्या बुडाला रंग लावणाऱ्या माणसाने विचारलं, पडणार आहे की काय भिंत? इतक्यात नाही, पण आतली सळई फुगायला लागली आहे, ती म्हणाली. त्याने मान डोलावली आणि त्याच सुरात विचारलं, हातांना काय झालंय? तिने सांगितलं. त्याने पुन्हा मान डोलावली आणि ब्रश डब्यात बुडवला. झिपरीला हसू आलं. एवढंच होतं तर.

मग ती समुद्रात शिरली, कपड्यांनिशी, खांद्यांपर्यंत. दंडांवरून लाट जाते तेव्हा कसं वाटतं, हे ती विसरूनच गेली होती. एका लाटेने तिला पार उलटीपालटी केली. नाकातोंडात पाणी गेलं, ती खोकत उठली आणि पुन्हा आत गेली.

संध्याकाळपर्यंत तिथेच थांबता आलं असतं. पण ती गेली नाही तर वरच्या खोलीतली डोकेदुखी खरी ठरली असती. ते तिला मंजूर नव्हतं.

पुढच्या दारानेच ती आत शिरली. केस ओले, कपडे दमट, चपलांत वाळू. पाहुणे टेबलाशी बसले होते. आत्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

"डोकं दुखायचं थांबलं का आता?" मुलाच्या आईने विचारलं.

"डोकं दुखतच नव्हतं," झिपरी म्हणाली. "मला कोड आहे. ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी वर थांबायचं होतं."

मुलाच्या आईने तिचे हात नीट न्याहाळले आणि हे वाढतं का, पुढे मुलाबाळांना होतं का, असं विचारलं. विचारताना तिची नजर आतेबहिणीकडे होती.

"वाढतं. पुढचं डॉक्टरांना विचारा. लागत मात्र नाही कुणाला." झिपरीने भाताचं भांडं उचलून पुढे केलं. मुलाच्या वडिलांनी वाढून घेतलं. आईने, पोट भरलं, म्हणून हात आडवा धरला.

आतेबहीण उठली आणि शेजारची खुर्ची झिपरीसाठी ओढून म्हणाली, "आई, हिला लपवून माझं लग्न ठरणार होतं, तर निदान मला तरी विचारायचंस."

पाहुणे तारीख न ठरवताच गेले. आत्या भांडी घासत रडत होती. माझ्याच घरात येऊन माझ्या मुलीचं वाटोळं केलंस, असं तिने झिपरीला ऐकवलं आणि लगेच भावाला फोन लावला. थोड्या वेळाने बाबांचा झिपरीला फोन आला. आधी आत्याची माफी माग, मग काय ते बोलू.

"तिला रडवलं याचं वाईट वाटतंय, बाबा. पण माझ्या कातडीबद्दल मी माफी मागणार नाही. तिचीही नाही, तुमचीही नाही."

बाबांनी फोन ठेवला. झिपरी उशीत तोंड खुपसून रडली नाही. तिने बॅग भरली आणि सोमवारचा दिवस शहरात काढला. आतेबहीणही सोबत आली. मुलगा रात्रीच आपल्या आईशी भांडला होता म्हणे. "भांडू दे," ती म्हणाली, "आत्ताच कळलेलं बरं." दोघी होडीतून पलीकडच्या काठाला गेल्या, उन्हात बसल्या आणि आत्याच्या नावाने हसल्यासुद्धा.

आतेबहिणीचं लग्न ठरायला बरेच महिने गेले, पण त्याच मुलाशी ठरलं. आत्या अजून झिपरीशी थेट बोलत नाही. तिने लेकीकरवी निरोप धाडला: हवं ते घाल, फक्त फोटोत मागे उभी राहा. झिपरीने उलट निरोप पाठवला की उभी राहीन तर पहिल्या रांगेत, नाहीतर येणारच नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. तिने तिकीट मात्र काढून ठेवलं आहे.