एकोणिसावी विहीर

इला भूगोलाच्या एम.ए.ला होती. तिच्या गटाचा प्रकल्प देवळी तालुक्यातल्या शेतविहिरींच्या नकाशाचा. प्रत्येकाने वीस विहिरींवर जायचं, मोबाइलवर ठिकाण नोंदवायचं, कठडा आहे की नाही ते लिहायचं. इलाने सतरा केल्या. ऑक्टोबरचं ऊन सोसेना, म्हणून उरलेल्या तीन तिने घरी बसून उपग्रहाच्या चित्रावरून भरल्या. तिन्हींपुढे ‘कठडा आहे’ लिहून मोकळी झाली.

शनिवारी सकाळी गटातल्या सुमीतचा फोन आला.

“सरांनी तपासणी लावली. आपली काजल तुझ्या विहिरी पाहायले गेली. एकोणिसावी सापडत नाई म्हणे, तुरीत फिरून राह्यली.”

आपली चोरी पकडली जाणार, ही पहिली भीती. स्कूटी काढता काढता दुसरी आली. चित्रात नुसता काळा ठिपका होता, आणि काजल कठडा शोधत चालली असणार. तिने फोन लावला. लागेना.

शेतावर पोचली तर तूर डोक्याच्या वर गेलेली. “काजल!” तिने हाक मारली. मोबाइलवर विहीर वीस मीटरवर दिसत होती. समोर फक्त पानं. इला आत शिरली आणि मागून आवाज आला, “थांब वो पोरी! पाय नोको उचलू!”

हातात दोर घेतलेली एक म्हातारी धापा टाकत येत होती. लीलाबाई, शेताची मालकीण.

“उघडी विहीर हाय तिथं. एक पोरगी पडली. पाइपाले धरून हाय. दोर आणाले गेलती मी. माह्या पावलावर पाय ठेवत ये.”

गवतातच विहिरीचं तोंड होतं. लीलाबाईंचे यजमान किसनराव पालथे पडून खाली बोलत होते, “सोडू नोको बाई, आलाच दोर.” खाली काजल गळ्यापर्यंत पाण्यात. तिने दोर काखेखाली अडकवला. तिघांनी ओढलं तेव्हा इलाच्या तळहाताची साल निघाली.

वर आल्यावर काजलचे दात वाजत होते. डावं मनगट वाकडं झालेलं.

“तू कठडा लिहिला होता ना?”

“मी इथं आलीच नव्हती.”

काजलने तिच्याकडे पाहिलं. मग लीलाबाईंकडे वळून म्हणाली, “काकू, माह्या घरी फोन लावून द्या.”

सोमवारी इलाने सरांना सगळं सांगितलं. सरांनी तिच्या वीसही नोंदी रद्द केल्या. काजल हाताला प्लास्टर घालून दुसऱ्या गटात गेली. इला पुन्हा शेतात निघाली, समोर काठी आपटत. विहीर दिसली तरी पाय पुढे जाईनात. मग ती खाली बसायची आणि सरकत सरकत काठापर्यंत जायची.