दुसऱ्या बाजूचा ब्रेक

माझ्या पहिल्या नवऱ्याला आमच्या घरात उद्यासाहेब म्हणतात. नाव मीच ठेवलंय आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. गळका नळ उद्या, नोकरी उद्या. मला कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा "दवाखान्यात उद्या गेलं तर चालणार नाही का?" असं विचारणारा हा माणूस! घटस्फोट तेवढा वेळेवर झाला, कारण तो मी घेतला.

दुसरे म्हणजे आमचे मास्तर. ते मोटार चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्यांच्या. शिकणाऱ्याने गाडी भिंतीवर घातली तरी "छान, आता मागे घेऊ" म्हणतील असा स्वभाव. माझी लेक त्यांना मास्तरच म्हणते, पण ताप चढला की हाक त्यांनाच मारते. तिला कायद्याने दत्तक घ्यायचं त्यांनी ठरवलं तेव्हा मी ढसाढसा रडले. मग वकीलबाईंनी सांगितलं की जन्मदात्याची संमती लागेल, तीही न्यायाधीशांसमोर आणि स्वखुशीने.

"आणि नाही दिली तर?"

"तो त्यांचा हक्क आहे. मग वर्षानुवर्षं भांडत बसा."

हक्क म्हणे! शाळेच्या पालकसभेला एकदा तरी फिरकला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

दोन तारखा त्याने बुडवल्या. एकदा डोळा लागला, एकदा डोकं दुखलं. तिसरी चुकली तर अर्ज फेटाळला जाणार होता. म्हणून त्या सकाळी आम्ही तिघं त्याला घ्यायलाच गेलो. मी आणि लेक मागे बसलो होतो. मास्तर उतरले, दारावरची बेल वाजवून आले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने शिकवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. उद्यासाहेब खाली आले. बघतात तर रिकामी जागा एकच, स्टिअरिंगसमोरची.

"माझ्यासाठी ठेवलीत होय?" तो हरखून गेला. "शिकाऊ परवाना काढून ठेवलाय मी. उद्यापासून सुरू करणारच होतो!"

मी तोंड उघडलं, पण मास्तरांनी आरशातून डोळ्यांनीच मला हात जोडले. आता उठवावं तर स्वारी रुसणार, आणि रुसली की संमती गेली.

"छान," मास्तर म्हणाले. "पट्टा लावा. क्लच दाबा."

गाडी बेडकासारखी उड्या मारत निघाली. फुटपाथवरून एक काठीवाले आजोबा चालत आमच्या पुढे निघून गेले. मी घड्याळ बघत दातओठ खात होते. त्यात चौक ओलांडल्यावर स्वारीला कंठ फुटला.

"हे सगळं झाल्यावर माझं काय काय जाणार?"

"सगळंच," मास्तर म्हणाले. खोटं बोलता येत नाही, एवढाच त्यांच्यात दोष आहे. "शाळा, दवाखाना, कुठे राहायचं, सगळं आम्ही ठरवणार. तुमच्या भेटीसुद्धा. दुसरा गिअर टाका."

"मग जरा विचार करतो. उद्या..."

मी त्याची मानगूटच धरणार होते. पण माझ्याआधी लेक पट्टा सोडून पुढे वाकली. "बाबा, आज ना! प्लीज!"

तेवढ्यात गल्लीतून एक रंगारी सायकलवर आडवी शिडी घेऊन थेट आमच्या समोर आला.

गाडी गचकन थांबली. शिडीचं टोक काचेला टेकलं होतं. मास्तर अर्धे सीटवरून मागे लटकत होते, लेकीला दोन्ही हातांनी घट्ट धरून. चष्मा एका कानावर लोंबत होता. त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर कोणाचाच पाय नव्हता. ब्रेक उद्यासाहेबांनी दाबला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादी गोष्ट त्याच क्षणी केली.

"छान," मास्तर चष्मा सावरत म्हणाले. "आता मागे घेऊ."

उद्यासाहेब बराच वेळ त्या रिकाम्या ब्रेककडे बघत राहिला. मग त्याने गाडी कोर्टापर्यंत आणली. रडतखडत का होईना, पण वेळेत.

"तुमचे सगळे हक्क संपतील, कळलंय ना?" न्यायाधीशांनी विचारलं. "कोणाचा दबाव?"

"नाही, साहेब. यांच्या पायाशी ब्रेक होता. यांना तो आठवलाच नाही, हे पोरीला धरायला मागे वळले." त्याने लेकीकडे पाहिलं. "ब्रेक मी दाबला, पण तो माझ्या जिवाच्या भीतीने. पोरगी मागे आहे, हे मला नंतर आठवलं."

न्यायाधीशांनी वकीलबाईंकडे पाहिलं आणि वकीलबाईंनी माझ्याकडे.

"म्हणजे हो की नाही?"

"हो," तो म्हणाला. "आजच."

बाहेर व्हरांड्यात तो माझ्यापुढे घुटमळत उभा राहिला. "आता हक्क नाही, माहीत आहे मला. पण तिला भेटायला कधी येऊ?"

ज्या शब्दाने त्याने मला इतकी वर्षं छळलं, तो माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. पण मास्तरांचा हात धरून उभी असलेली लेक त्याच्याकडेच बघत होती, आणि का कोण जाणे, मला त्याची दया आली.

"रविवारी ये," मी म्हणाले. "आणि चालत ये."